लेकीच्या हातचा वडा

भिलाई, सेक्टर-१०
१४ मे २०२४

उन्नती बेटा,

आशीर्वाद आधी, तक्रार नंतर. फोन केला की तू "हाव काका, बरोबर काका" म्हणतेस आणि ठेवून देतेस. आपण कायद्याचे मसुदे लिहिणारी माणसं. कागदावर उतरल्याशिवाय बोलणं झालं असं मला वाटतच नाही. म्हणून हे स्पीड पोस्ट, आणि उत्तरही कागदावरच पाठव.

तुझ्या बाबांची तेरवी नीट पार पडली. शालिकराम आणि मी कॅम्प-१ च्या एकाच गल्लीत वाढलो. तो पोलाद प्लांटमध्ये कोक ओव्हनच्या भट्टीवर लागला, मी कायदा शिकून सभागृहाच्या मसुदा कक्षात गेलो. दोस्ती काही सुटली नाही. तुला कक्षात घेताना परीक्षेला दोन बाहेरचे परीक्षक बोलावले होते ते त्याच दोस्तीमुळे, कोणी वशिला म्हणू नये म्हणून, आणि तू त्यांच्याकडून पहिली आलीस. त्याच्या पंगतीची व्यवस्था माझ्याकडे आली, त्यात मी काही कमी पडू दिलं नाही.

भय्याजी आणि आनंदराव दोघंही आले, पाहिलंस ना? एक सरकार पक्षाचे आमदार, एक विरोधी बाकांवरचे, आणि दोघांनाही शालिकराम युनियनच्या दिवसांपासून ओळखत होता. तेरवीला आमंत्रण लागत नाही, त्यामुळे नको म्हणायची सोय नव्हती. मी एकाला पंगतीच्या या टोकाला बसवलं, दुसऱ्याला त्या टोकाला. आणि तुला सांगितलं, स्वयंपाकघरातून बाहेरच येऊ नकोस. तू एकाच्या पानावर वाकलीस आणि तेवढ्यात कोणी मोबाईल काढला तर संपलं सगळं. सदस्याच्या घरचं पाणी प्यायचं नाही आणि सदस्याला आपल्या हातचं द्यायचं नाही, हा नियम मी सगळी नोकरी पाळला. लिहिणारा हात कोणाचाच नसतो, तेव्हाच तो दोघांचंही लिहू शकतो.

आत्ता तर जास्तच सांभाळायला हवं. मार्चअखेर मी निवृत्त झालो, प्रमुखाची खुर्ची रिकामी आहे, ज्येष्ठ तू आहेस. आता एवढंच राहिलं की रीतीप्रमाणे दोन्ही बाजूंनी तुझ्या नावावर "हरकत नाही" असं कळवायचं. ते आलं की आदेश.

भागीरथा वहिनी जरा गप्प होत्या. थकल्या असतील बिचाऱ्या.

तुझा काका,
विजयकुमार


नवा रायपूर
२९ मे २०२४

काका, पाया पडते.

पत्र आलं. शिपायानं सगळ्यांसमोर दिलं, तं कमलेश म्हणे, "दीदी, किसका नोटिस आया?" मी म्हटलं, जुन्या साहेबांचं. तं त्यानं टेबलावरचे पाय खाली घेतले. तुमी इथं नाही तरी तुमचा धाक आहे, बाप्पा.

कक्षाचं सांगते. खुर्च्या सात अन् माणसं दोन, मी अन् कमलेश. टायपिंगले श्यामराव. जागा भरायची फाईल प्रमुखाच्या सहीसाठी अडून आहे अन् प्रमुख नाही. कोणी नवीन पोट्टा आला का सहा महिन्यांत कंपनीत जाते, तिथं पगार दुप्पट. त्याइले तरी काय बोलावं?

तुमची वाचनाची रीत आमी सोडली नाही. एकानं मूळ मसुदा मोठ्यानं वाचायचा, अल्पविराम-पूर्णविरामासगट, अन् दुसऱ्यानं छापील प्रतीवर बोट ठेवून चालायचं. कमलेश वाचते तं वाटते क्रिकेटची कॉमेंट्री चालू आहे. पण चुका पकडते तो, खोटं कावून बोलू.

प्रमुखासाठी कमलेशचं नावही सभागृहाच्या सचिव साहेबांकडे कोणीतरी टाकलं म्हणतात. तो दोन्हीकडच्या लग्नात जेवून येते, मग दोन्हीकडचे त्याले आपला म्हणते. तुमी असता तं त्याले फाडून खाल्लं असतं.

सचिव साहेबांनी माह्या नावाची फाईल दोन्हीकडे पाठवली आहे. मले ही खुर्ची पाहिजे, काका. तुमच्यासमोर लाज कशाची. वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या नावानं लिहून राहिली, एकदा तरी दारावर माहं नाव लागावं असं वाटते.

माय फोनवर जास्त बोलत नाही. "जेवली का" इतकंही विचारत नाही. उन्हाचं होत असेल.

तुमची,
उन्नती


भिलाई
१९ जून २०२४

उन्नती बेटा,

तुझं पत्र वाचून आनंद झाला. कमलेशला सांग, पाय खालीच असू दे.

एक गंमत ऐक. काल सिविक सेंटरला बँकेत गेलो होतो. बाहेर चहा घेताना भय्याजींचा एक माणूस भेटला. म्हणाला, "साहेब, तुमची ती मॅडम आनंदरावांची निघाली. आमचे भय्याजी खुद्द तेरवीला आले तर तोंड दाखवायला बाहेर आली नाही." मी हसलो. मग पुस्तकाच्या दुकानात आनंदरावांचा भाचा. तो म्हणतो, "काका, तुमची बाई पूर्ण सरकारी झाली. मामा पानावर बसले होते, ती आतून हललीच नाही, भय्याजी बघत होते ना!"

कळलं ना? प्रत्येकाला वाटतं, तू त्याच्यामुळेच आत बसलीस. म्हणजे दोघंही सारखेच नाराज. मला तर यात समाधान आहे. तराजूचा काटा मधोमध असला की दोन्ही गिऱ्हाइकं कुरकुरतातच. तू काही खुलासा करायला जाऊ नकोस. खुलासा करणारा माणूस आधीच एका बाजूला झुकलेला असतो, हे मी तुला पहिल्या दिवशी सांगितलं होतं.

मोनूही भेटला. तुझ्या भावाला मी विचारलं, वहिनी कशा आहेत, तर म्हणे, "ठीक आहे," आणि गाडीला किक मारून गेला. आजकालच्या पोरांना उभं राहून दोन शब्द बोलायला वेळ नाही.

आदेश आला की पेढे मात्र घरचेच आण.

विजयकुमार


नवा रायपूर
८ जुलै २०२४

काका,

फाईल परत आली. भय्याजींकडून शेरा: "पुनर्विचार व्हावा." आनंदरावांकडून: "अन्य नावे विचारात घ्यावीत." सचिव साहेब म्हणाले, एकानं अडवलं असतं तं दुसऱ्याकडून दाबता आलं असतं, दोघांनी अडवलं तं मी काय करू. काटा मधोमध आहे, काका. अन् मी त्या काट्यावर बसून आहे.

पण मी त्याच्यासाठी लिहून नाही राहिली. खुर्ची गेली तं गेली.

तुमाले आमच्या घरची रीत माहीत नसेल, कारण तुमी विचारली नाही, अन् मी सांगतली नाही. आमच्याकडे तेरवीच्या पंगतीत शेवटचा वडा लेक वाढते. सगळ्यांच्या पानावर, अन् सगळ्यांत आधी, जो गेला त्याच्या नावाच्या पानावर. आजीच्या तेरवीत माह्या आत्यानं वाढला होता, मी तिच्या मागं ताट धरून होती. बाबा तेव्हा मले म्हणाले होते, "माह्या टाइमाले तू वाढजो, अन् चांगला फुगलेला पाह्यजो." हसत म्हणाले होते. मायही हसली होती.

अन् त्या दिवशी मी आतमध्ये पिठाच्या परातीजवळ बसून होती. बाबांच्या पानावर वडा सीमानं वाढला. भावजय चांगली आहे, तिचं काही नाही. पण माय दारात उभी राहून माह्याकडे पाहून राहिली होती, अन् मी तिले म्हटलं, "माय, नियम आहे." बापाच्या तेरवीत मी मायले ऑफिसचा नियम सांगतला!  माय तेव्हापासून बोलतच नाही. थकली नव्हती ती, काका. तुमाले थकलेली दिसली.

मले तुमचा राग आला आहे. तुमी म्हटलं अन् मी ऐकलं, त्याचा माह्यावरही आहे, पण तुमच्यावर जास्त. पंगत होती ती. सभागृह नव्हतं.

आता काही दिवस लिहू नका.

उन्नती


भिलाई
३ ऑक्टोबर २०२४

उन्नती,

तू लिहू नका म्हणालीस, म्हणून पितृपक्ष संपेपर्यंत थांबलो. उत्तराची अपेक्षा नाही.

सर्वपित्रीच्या दिवशी मरोद्याला तुमच्या घरी गेलो होतो. वहिनींनी पाणी दिलं, बसा म्हणाल्या, मग पावसाबद्दल बोलल्या. पाऊस या वर्षी कसा उशिरापर्यंत राहिला, शेंगा कशा सडल्या. शालिकरामच्या फोटोखाली त्याचं प्लांटमधलं हेल्मेट ठेवलेलं आहे, ते मी आधी पाहिलं नव्हतं. निघताना मी म्हणालो, "वहिनी, माझ्याकडून चुकलं." त्या म्हणाल्या, "तुमचं काय चुकलं भाऊजी, तुमी तं पाहुणे." इतकं झोंबणारं वाक्य सभागृहातही मला कोणी ऐकवलं नव्हतं.

माझ्या बाजूने काही लिहावं म्हणून चार वेळा कागद घेतला. लिहिता येत नाही. दुसऱ्यांची बाजू मांडून मांडून स्वतःची मांडायची सवय राहिली नाही, किंवा मग मांडण्यासारखी नसेलच.

तब्येत सांभाळ.

विजयकुमार


नवा रायपूर
२८ डिसेंबर २०२४

काका, पाया पडते.

राग थोडा निवला आहे, पूर्ण नाही. पण विचारायचं तुमालेच आहे, दुसरं कोणाले विचारू?

हिवाळी अधिवेशनात दोन अशासकीय विधेयकं आली. दोन्ही तलावांच्या राखणीची, गावातले तलाव बुजवून प्लॉट पाडतात ते थांबवायसाठी. एक भय्याजींचं, एक आनंदरावांचं. आता पाहा, एकाच विषयावर दोन विधेयकं आली तं दोन माणसांनी लिहायची, मधलं दार बंद, हा तुमचा नियम. अन् कमलेश त्याच हप्त्यात मुलाखतीले दिल्लीले गेलेला. राहिली मी.

मग मी काय केलं सांगू? सकाळी खिडकीजवळच्या टेबलावर भय्याजींचं लिहिलं. जेवण झालं का कागद कपाटात, कुलूप, अन् दाराजवळच्या टेबलावर आनंदरावांचं. टेबल बदललं का मी दुसरी बाई. सकाळच्या बाईले दुपारच्या बाईचं काही माहीत नाही. श्यामराव म्हणे, "मॅडम, तुमाले बरं नाही का?" पण खरं सांगते, दोन्ही चांगली झाली. भय्याजींना दंड जास्त पाहिजे होता, त्यांचं विधेयक दंडाभोवती बांधलं. आनंदरावांना पंचायतीच्या हाती सत्ता पाहिजे होती, त्यांचं पंचायतीभोवती. वाचनाले श्यामरावले बसवलं. डोळे बारीक करून करून त्यानं बोट चालवलं.

सभागृहात दोघंही तुटून पडले एकमेकांवर. भय्याजी म्हणे, आमचं पाहा किती नेटकं, अन् समोरचं कोण्या अनाड्यानं लिहिलं? आनंदराव म्हणे, आमच्या विधेयकात एक शब्द इकडचा तिकडे करून दाखवा, अन् त्यांचं तं नुसतं पोलीस ठाणं आहे. मी गॅलरीत बसून दोन्हीकडून शिव्या खाल्ल्या अन् दोन्हीकडून वाहवा.

पुढं ऐका. दोघंही वेगवेगळे सचिव साहेबांकडे गेले. दोघंही तेच बोलले: आमचं ज्यानं लिहिलं त्याले प्रमुख करा, आमची हरकत नाही, पण ज्यानं समोरच्याचं लिहिलं त्याले बिलकुल नको! साहेब हसून हसून लाल झाले. मले बोलावून म्हणे, "उन्नतीजी, एक बार नाम बता दूँ? आजच आदेश निघते."

मसुद्यावर नाव नाही, सदस्याले नाव सांगायचं नाही. हाही तुमचाच नियम. मी म्हटलं, मले इचार करू द्या.

सांगू का नाव? खुर्ची समोर आहे, हात लांबवायचा आहे फक्त.

उन्नती


भिलाई
७ जानेवारी २०२५

उन्नती बेटा,

तुझं पत्र आलं आणि मी आधी तो टेबल बदलण्याचा भाग तीनदा वाचला. मला कधी सुचलं नसतं.

सांग. नाव सांगून टाक.

तो नियम मी कशासाठी केला होता ते तुला माहीत आहे. नाव कळलं की सदस्य माणसाच्या मागे लागतात, पुढच्या वेळी "आमचंच लिहा, त्यांचं ढिलं ठेवा" म्हणतात. पण नियमाने आतापर्यंत तुझं पुरेसं घेतलं आहे. बापाचं पान घेतलं. आता खुर्चीही घेणार असेल तर तो नियम माझ्या नावाने मोडला असं लिही हवं तर. माझी आता काय नोकरी जाणार?

आणखी एक. दोघंही माझ्याकडे येऊन गेले. वेगवेगळ्या दिवशी, हातात मिठाईचा डबा. "साहेब, तुमच्या कक्षातली नस तुम्हाला माहीत. आमचं कोणी लिहिलं तेवढं सांगा." मी डबे परत केले आणि म्हणालो, मला माहीत नाही. खोटं बोललो. तुझं पत्र येण्याआधीच, दोन्ही विधेयकांचं पहिलं कलम वाचून ओळखलं होतं. तू कलमाची सुरुवात माणसापासून करतेस, इतर सगळे खात्यापासून करतात. निवृत्त माणसाने खोटं किती दिवस बोलावं? तूच सांग आणि मोकळी हो.

विजयकुमार


नवा रायपूर
२४ जानेवारी २०२५

काका, पाया पडते.

नाही सांगतलं. अन् सांगणार नाही.

हसू नका. तुमी "सांग" म्हणाले अन् मले एकदम उलटंच वाटलं. मी सांगतलं तं खुर्ची भेटते, पण मग त्या खुर्चीत बसून कोणत्या तोंडानं नवीन पोरांना सांगू, का मसुद्यावर नाव टाकू नका? सचिव साहेबांना म्हटलं, नाव नाही. ते म्हणे, तुम भी ना, अपने साहब की पक्की चेली हो. मी म्हटलं, हाव, पण पंगतीत नाही.

तुमचा नियम चांगला आहे, काका. फक्त त्याले ऑफिसच्या दारात चपलेसारखं काढून घरी जायला पाहिजे होतं. तुमी तो घालूनच माह्या बापाच्या अंगणात आले, अन् मीही.

कमलेशनं राजीनामा दिला. सिमेंटच्या कंपनीत लागला. जाताना रडला, खरंच. म्हणे, "दीदी, वहाँ कौन पूर्णविराम पढ़ेगा?" आता कक्षात मी एकटी. मलेही एका कंपनीचं बोलावणं आहे. वर्षश्राद्धापर्यंत पाहीन, मग ठरवीन.

बाबांचं वर्षश्राद्ध एप्रिलात येते. मोनू सांगत होता, माय म्हणते मागच्या वर्षी जे जे आले त्या सगळ्यांना बोलवायचं. त्या दोघाइलेही. मी मोनूले म्हटलं, बोलाव. मी रजेवर येईन अन् वाढीन. कोण फोटो काढते ते काढू दे.

पंगतीची व्यवस्था तुमीच पाहा. माय म्हणाली नाही तसं, मी म्हणून राहिली.

उन्नती


भिलाई
२९ एप्रिल २०२५

उन्नती बेटा,

वर्षश्राद्धाला आपण दोघंही होतो, तेव्हा जे तू पाहिलंस ते लिहीत नाही. तू ताट घेऊन पुढच्या पानाकडे गेलीस तेव्हा तुझ्या पाठीमागे काय झालं, तेवढंच लिहितो.

या वेळी मी त्या दोघांना शेजारी शेजारी बसवलं, हे तू पाहिलंसच. दोघांनीही माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्यांच्या ताटात खडे वाढले. त्यांच्यासमोर मी बसलो. तू आधी शालिकरामच्या पानाजवळ बराच वेळ होतीस, तेव्हा पंगत थांबली होती. आनंदराव म्हणाले, "कशासाठी थांबलोय?" मी म्हणालो, "लेक बापाला वाढते आहे, ते झालं की आपल्याला."  भय्याजींनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

तू भय्याजींना वाढलंस, आनंदरावांना वाढलंस. तू पुढे गेलीस आणि भय्याजी मला हळूच म्हणाले, "मागच्या खेपेला ही पोरगी माझ्यामुळे आत बसली असं मला वाटलं होतं." आनंदराव चमकून म्हणाले, "तुमच्यामुळे? अहो, मला वाटलं माझ्यामुळे!" मी म्हणालो, "तिला मी बसवलं होतं. तुम्हा दोघांपासून सारखं दूर राहावं म्हणून. त्यापायी तिच्या बापाचं पान राहिलं."  दोघांनीही पानावरचा वडा मोडायला घेतला.

मग आनंदरावांनी तोच प्रश्न काढला, तलावाच्या विधेयकाचा. भय्याजींनीही कान टवकारले. मी म्हणालो, "नाव सांगायचं नाही असा नियम आहे, आणि मी तो मोडणार नाही. पण जेवता जेवता एक पाहा. तुमच्या दोघांच्या पानावर वडा एकाच हातचा आहे. कोणाचा कमी तळलेला आहे का?"

दोघांचेही हात थांबले. आधी वड्याकडे पाहिलं, मग एकमेकांकडे, मग तुझ्याकडे. तू तेव्हा मोनूच्या साहेबांना आग्रह करत होतीस. आनंदराव म्हणाले, "म्हणजे ते अनाड्याचं..." आणि भय्याजी म्हणाले, "आणि ते पोलीस ठाणं..." पुढे दोघांनीही वाक्य पुरं केलं नाही. भय्याजींना ठसका लागला, आनंदरावांनी पाण्याचा पेला त्यांच्यापुढे सरकवला. मग भय्याजी हसले. आनंदराव हसले नाहीत, त्यांनी आणखी एक वडा मागितला.

नियमात वड्याबद्दल काही लिहिलेलं नाही, मी तपासून पाहिलं. तुला पटत नसेल तर रागाव, पण या वेळी वर्षभर नको.

विजयकुमार


नवा रायपूर
१२ मे २०२५

काका, पाया पडते.

नाव सांगतलंच तुमी. वड्याच्या आडून सांगतलं, पण सांगतलं. तुमच्या जागी कमलेश असता तं तुमी त्याले मेमो दिला असता. मी तुमाले देऊन राहिली नाही, कारण मेमो टाइप करायले श्यामराव रजेवर आहे.

दोन्हीकडून "हरकत नाही" एकाच दिवशी आलं. परवा आदेश निघाला. दारावर पाटी लागली, सुतारानं थोडी वाकडी लावली आहे, राहू दिली. मी खुर्चीत बसली तं समोर सात टेबलं, सगळी रिकामी. प्रमुख कोणाची, काका? खुर्च्यांची! पण जागा भरायच्या फाईलवर पहिली सही केली. दुसऱ्याच दिवशी भय्याजींकडून एका पोराची शिफारस आली अन् संध्याकाळी आनंदरावांकडून एका पोरीची. दोघाइले कळवलं, परीक्षा द्या, परीक्षक बाहेरचे असतील. तुमच्यासारखंच. दोघंही पास झाले तं त्याइले वाचनाले जोडीनं बसवीन. एकानं वाचायचं, दुसरीनं बोट ठेवायचं, मग समजेल कोण कोणाचं.

कंपनीले नाही म्हणून कळवलं.

तुमी पत्रात पंगतीचं सगळं लिहिलं, एक नाही लिहिलं, कारण तुमाले ते माहीत नाही. सगळ्यांचं वाढून झालं, मी रिकामं ताट घेऊन आत आली. परातीजवळ माय बसली होती, मागच्या वर्षी मी जिथं बसली होती तिथंच. मले वाटलं, आता रडेल, नाही तं आता बोलेल काही. तिनं दोन वडे बाजूले काढून ठेवले होते, फुगलेले. माह्याकडे पाहिलं नाही. म्हणाली, "उभी काय राहिली? बस जेवाले."

वर्षभरात पहिल्यांदा. मी बसली. आदेश त्याच्यानंतर आला.

तुमची,
उन्नती